उघाडीवरचं फडकं

अवसेला कुणी लग्न काढत नाही, म्हणून रोह्याचं ते मंगल कार्यालय मोकळं होतं. आणि मोकळं होतं, म्हणून प्राधिकरणाने सुनावणी त्याच दिवशी ठेवली. शहरं कशी ठरतात असं कुणी विचारलं तर खुशाल सांगावं, हॉल मिळेल तशी ठरतात.

स्टेजवर एरवी नवरा-नवरी बसतात तिथे त्या दिवशी हितेश साहेब बसले होते. खाडीकाठ नवनगर प्राधिकरणाचे मुख्य नियोजक. मागे बॅनर, ‘नवी शिंपखार : राहण्याजोगं शहर’. खाली टेबलाशी हरकतींचा गठ्ठा घेऊन नम्रता. ती प्राधिकरणाची अभियंता, घाटावरची, सातारा जिल्ह्यातली. दोन वर्षांपूर्वी पेणला बदली झाली आणि तिने शिंपखारच्याच नव्या वसाहतीत भाड्याने घर घेतलं. नवरा पुण्याला, शनिवार-रविवार उगवणारा. चार वर्षांची मनस्वी दिवसभर पाळणाघरात.

नोटिशीत वेळ दहाची होती. साहेब आले बारा वाजता. तोवर दीडशे माणसं पंख्याखाली वारा खात बसून होती, बाहेर ज्येष्ठातला पाऊस झोडपत होता, आणि तिसऱ्या रांगेतला एक म्हातारा सारखा उठून घड्याळ बघत होता. कान्हू त्याचं नाव. शेजारी बायको, सीताबाई. जमिनीचा सातबारा सीताबाईच्या नावावर, म्हणून नोटीस तिच्या नावाची, म्हणून ती हजर, आणि ती एकटी कशी जाईल म्हणून हा हजर. हातात एक लाल फडकं. ते तो पिळत होता आणि सोडत होता.

“बाई, आमचा नंबर आधी घ्या ना,” तो अकरा वाजता नम्रताकडे येऊन म्हणाला होता.

“नंबराप्रमाणे होईल, काका. तुमचा एक्केचाळीस.”

“मंग आमी जातो.”

“गेलात तर हरकत मागे घेतली असं धरतील. नियम आहे तसा.”

बारा वाजता तो परत आला. नम्रताने मान वर न करता बोटानेच ‘बसा’ म्हणून खुणावलं. दीडशे जणांना हीच घाई असते, किती जणांचं ऐकायचं?

आता हा कान्हू कोण, ते सांगायला हवं. पेणच्या रामवाडीकडून खाडीच्या अंगाला गेलं की शिंपखार लागते. तिथली जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. मधे मातीचा बांध आहे, म्हणून ती आहे, नाहीतर खाडीच. बांधात पाण्याला ये-जा करायला एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरती चढली की दार बंद ठेवायचं, ओहोटी नीट उतरली की उघडायचं, म्हणजे आत साचलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. कान्हूच्या घराण्याकडे हे काम तीन पिढ्या होतं. गाव त्याला त्यासाठी भात द्यायचं. मग भातशेतीच गेली, तिथे चार-चार मजली इमारती आल्या, आणि तीन हजार माणसांचं शहर एका म्हाताऱ्याच्या भरवशावर ठेवणं प्राधिकरणाला बरं दिसेना. त्यांचंही काही चुकलं नव्हतं म्हणा. नम्रताने दाराला मोटर बसवली. सोलरवरची, वीज गेली तरी चालणारी. मोटरला घड्याळ लावलं, घड्याळाला भरतीचं वेळापत्रक. पेटीला कुलूप. एप्रिलपासून दार आपोआप उघडत होतं आणि मिटत होतं, आणि साहेब प्रत्येक बैठकीत तिची पाठ थोपटत होते.

साडेबारा झाले. सोळावा नंबर चालू होता, कुणाच्या तरी रस्त्यात गटार येत होतं. आणि कान्हू खुर्चीवरून उठला तो थेट स्टेजपुढे.

“सायेब, एक वाजत आला. उघाडीवर कोन नाय. मला जाऊंद्या!”

“उघाडीवर मोटर आहे हो,” साहेब हसून माइकमधून म्हणाले. हॉलही हसला.

“तुमची मोटर मुंबईचं पानी बघते सायेब! आमचं पानी दीड घंट्यानं येतं!”

लोक पुन्हा हसले. नम्रता हसली नाही. तिच्या हातातलं पेन थांबलं.

वेळापत्रक तिने पेपरातून घेतलं होतं. रोज छापून येतं, मुंबई, भरती अमुक वाजता, इतके मीटर. समुद्र तर एकच आहे, असं घाटावरच्या माणसाला वाटतं. आजची भरती बारा वाजून दहा मिनिटांनी, वर्षातल्या मोठ्या भरत्यांपैकी एक. एक तास सोडून सव्वा वाजता दार उघडणार.

ती उठून कान्हूजवळ गेली. “काका, शिंपखारला आज भरती कितीला आहे?”

“पावणेदोन. पानी काय विमानानं येतं, बाई? धरमतरवरनं वळत वळत येतं. आज अवस हाय, उधान हाय. सव्वाला दार उगडलं का खाडी आत येल नं तुमचा तळमजला घेल.”

“पण एप्रिलपासून एकदाही...”

“एप्रिलपासना आमी दोघं जातो ना! तुमची मोटर दार उचालते, आमी हातच्या चाकानं खाली घेतो. ओव्हटी झाली का परत वर. आज तुमी आमाला हितं बोलावलं.”

बापरे! नम्रताने हॉलच्या घड्याळाकडे बघितलं. दहाची सुनावणी, साडेअकराला मोकळे, एकच्या आत घरी, असा त्या म्हाताऱ्याने हिशोब धरला होता. हिशोब चोख होता. साहेब तेवढे दोन तास उशिरा आले होते.

“दुसरं कुणी नाही का गावात?”

“पोरं कंपनीत शिफ्टला. नं कुनाला सांगू? तुमचीच पाटी हाय थितं, चाकाला हात लावंल त्याला दंड.”

पाटी तिनेच लावली होती.

पाळणाघर तळमजल्यावर होतं. वसाहतीतल्या अगदी खालच्या इमारतीत, बांधापासून शंभर पावलांवर. बिल्किस नावाची बाई चालवायची, अकरा मुलं. साडेबारा ते तीन त्यांची झोपायची वेळ. फरशीवर चटया, दाराला ग्रिल, ग्रिलला कडी.

ती स्टेजवर गेली, साहेबांच्या कानाशी वाकली. “सर, वेळापत्रक चुकलंय. माझं चुकलंय. सव्वाला दार उघडेल आणि पाणी आत येईल. सुनावणी थांबवा, मला जायला हवं.”

साहेबांनी माइकवर हात ठेवला. “नम्रता, सगळ्यांसमोर तमाशा नको. जेवणानंतर बघू.”

“जेवणानंतर मुलं बुडालेली असतील, सर!”

एवढं बोलून ती निघाली. परवानगी मिळाली की नाही ते तिला पुढे कधी आठवलंच नाही.

कार्यालयाच्या पोर्चमध्ये मुसा गाडी घेऊन उभा होता. मुसा प्राधिकरणाच्या भाड्याच्या गाडीवर ड्रायव्हर. सात वर्षं कुवेतला काढून परत आलेला, आणि बिल्किस त्याची बायको. त्यांची झोया मनस्वीच्याच वयाची, त्याच चटईवर झोपणारी. नम्रताने त्याला दोन वाक्यांत सांगितलं. त्याने गाडी सुरू केली. कान्हू पुढे बसला, नम्रता आणि सीताबाई मागे. एक वाजायला वीस मिनिटं.

“बिल्किसला फोन लाव मुसा, लाव!”

“लावतोय मॅडम. रिंग जाते. उचलत नाय.”

का उचलत नाही ते नम्रताला ठाऊक होतं. महिन्यापूर्वी तिनेच बिल्किसला सुनावलं होतं, दुपारी तुझा फोन वाजतो आणि माझी मनस्वी दचकून उठते, त्या वेळात फोनचा आवाज बंद ठेवत जा. बिल्किस बिचारी ‘बरं ताई’ म्हणाली होती. आपल्या पायावर आपणच धोंडा मारायचा म्हणजे किती मारायचा! तिने स्वतःच्या फोनवरून दहा वेळा लावला. दहाही वेळा रिंग पूर्ण वाजून थांबली.

वसाहतीच्या सेक्रेटरीला लावला. तो रोह्यालाच होता, हॉलमध्ये, नंबर तेवीस. वॉचमनचा बंद. आपत्ती कक्षात लागला. पथक निघतंय म्हणाले, कुठून निघतंय ते सांगेनात. वीज तोडायला सांगावी असं मनात आलं आणि तिला रडूच फुटलं. मोटर सोलरवर होती ना!

निडी गाव मागे पडलं. पाऊस असा की वायपर नुसतेच हात हलवत होते. पुढे कंटेनर, रस्त्याला खड्डे, मुसा दात आवळून गाडी काढत होता. सीताबाईने नम्रताचा हात धरला. त्या हाताची कातडी जाड होती आणि ऊबदार होती.

“रडू नको गो. पोर हाय ना थितं? मंग डोकं ठिकाण्यावर ठेव.”

“काका,” नम्रता म्हणाली, “मला आधी का नाही सांगितलंत?”

कान्हूने मागे वळून बघितलं. रागाने नाही. “सांगितला व्हता. अर्ज दिला मे महिन्यात. त्योच तर एक्केचाळीस.”

गठ्ठा तिच्या पिशवीत होता. तिने एक्केचाळीस नंबर काढला. वहीचं पान, कुठल्याशा नातवाच्या अक्षरात. ‘मोटर दीड तास आधी दार उघडते, पाणी आत घेते, वेळ बदलावी ही विनंती.’ खाली शिक्का. शिक्क्याखाली तिचीच सही, आणि सहीवर तिच्याच अक्षरात शेरा, ‘आराखड्याच्या विषयाशी संबंधित नाही.’

वाचला असेल का तिने तो? वाचला असणार. त्या दिवशी असे साठ अर्ज होते.

नागोठण्याला एक वाजून सतरा मिनिटं झाली. गाडीत चौघांनीही डॅशबोर्डवरचं घड्याळ बघितलं. दार आता वर गेलं होतं. तिकडे चाळीस किलोमीटर रुंद पाऊस, मागून अवसेचं पाणी, आणि चटईवर अकरा मुलं. मनस्वी पालथी झोपते, तोंड उशीत खुपसून. तिला हलवल्याशिवाय जाग येत नाही. पाणी आधी चटईखालून येईल, मग उशी भिजेल. नम्रताने डोळे मिटले तर तेच दिसायचं, उघडले तरी तेच.

“या अल्ला,” मुसा एकदाच पुटपुटला.

वडखळच्या पुढे त्याने विचारलं, “काका, चाक एकट्याला फिरतं?”

“नाय. पान्याचा जोर असंल तर दोघं पायजेत. ही नं मी रोज दार उचाललं का लगेच फिरवतो, पान्याला जोर यायच्या आत. आज उगड्या दारातना पानी जोरात असंल. हिचा जोर पुरनार नाय.”

म्हणजे आपल्यालाच चाकाशी जावं लागणार, झोयाकडे नाही, हे मुसाला समजलं. रामवाडीचं वळण घेतल्यावर तो म्हणाला, “मॅडम, मी काकांबरोबर बांधावर जातो. झोयाला तुम्ही बघा.”

वसाहतीच्या कमानीशी गाडी थांबली, कारण पुढे रस्ता नव्हता. जिथे नम्रताच्या आराखड्यात जॉगिंग ट्रॅक होता तिथे गढूळ पाणी होतं, आणि ते पाणी उभं नव्हतं, चालत होतं. खाडीकडून आत. स्कूटर आडव्या पडून सरकत होत्या. वरच्या गॅलऱ्यांमधून माणसं ओरडत होती, पण पावसात शब्द कळत नव्हते. कान्हू आणि मुसा बांधाकडे धावले, म्हातारा पुढे. नम्रता पाण्यात उतरली. गुडघा, मांडी. साडी जड झाली. खारं पाणी तोंडात गेलं. सीताबाई मागून काहीतरी ओरडत होती, बहुतेक भिंतीच्या कडेने जा म्हणून. ती भिंतीच्या कडेने गेली.

शेवटची इमारत. तळमजला. ग्रिल उघडं होतं.

खोलीत कमरेएवढं पाणी. चटया तरंगत होत्या. पाण्याच्या बाटल्या, एक चप्पल, रंगीत ठोकळे. कोपऱ्यात मनस्वीची उशी, ससा काढलेली, पाण्यावर पालथी पडून भिंतीला हळूहळू टक्कर देत होती. नम्रता किंचाळली. पाण्यात हात घालून चाचपू लागली, इकडे, तिकडे, कपाटामागे. हाताला मऊ काही लागलं की जीव जात होता. दुपटं. पुन्हा दुपटं. टॉवेल.

“ताई! ओ ताई! वर या, वर!”

जिन्यावर, दुसऱ्या मजल्याच्या वळणाशी बिल्किस उभी होती. तिच्या मागे पायऱ्यांवर ओळीने अकरा मुलं, हातात पोळीचे रोल. मनस्वी सगळ्यात वरच्या पायरीवर झोयाशेजारी. आईला बघून ती म्हणाली, “आई, तू किती घाण झालीस!”

नम्रता पायरीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मुलं खाणं थांबवून बघत राहिली.

“पाणी आलं कधी?” जरा वेळाने तिने विचारलं.

“पाणी आता आलं हो. आम्ही सकाळी नऊलाच वर आलो. दुसऱ्या मजल्यावर विमलबाईंचं घर रिकामं असतं, किल्ली माझ्याकडे. फोन नं चटया-उश्या तेवढ्या खाली राहिल्या, अकरा पोरांना सोडून पुन्हा उतरता आलं नाही. गेला असेल फोन पाण्यात.”

“पण नऊला कसं कळलं तुला?”

बिल्किसला प्रश्नच कळला नाही. खाडीकाठच्या गावात वाढलेली बाई ती. “काठीवर फडकं नव्हतं ना.”

गॅलरीतून तिने दाखवलं. बांधावर उघाडीजवळ एक बांबू उभा होता. नम्रता दोन वर्षं तो बघत होती. वर कायम एक लाल चिंधी फडफडायची. पाखरं हाकलायला असेल, असं तिला वाटायचं.

“राखणदार उघाडीवर असला की फडकं वर. बाहेरगावी जाणार असेल तर उतरवून बरोबर नेतो. मग आम्ही आपले भात, बिछाने, पोरं वर ठेवतो. माझ्या आजीपासून बघतेय. आज सकाळी काठी नागडी, वर अवस. म्हटलं, पोरांना खाली कशाला ठेवा?”

बांबूपाशी दोन माणसं चाकाला लोंबकळली होती. एवढ्या लांबून म्हातारा कोण आणि तरणा कोण ते कळत नव्हतं. चाक फिरत होतं, अडत होतं, पुन्हा फिरत होतं. एकदा त्यातला एक घसरून खाली गेला आणि दिसेनासा झाला. बिल्किसने ओढणी तोंडात धरली. मग तो पुन्हा उभा राहिला. अर्ध्या तासाने रस्त्यावरचं पाणी चालायचं थांबलं.

त्या दिवशी शिंपखारात माणूस मेला नाही. तळमजल्यावरची बेचाळीस घरं मात्र गेली. ज्या घरांतल्या माणसांना काठी वाचता येत नव्हती त्यांचं सगळं गेलं, आणि नव्या वसाहतीत काठी वाचता येणारं बिल्किसखेरीज कुणी नव्हतं. अभियंता बाईंनाही ती येत नव्हती.

साडेचारला ओहोटी उतरली. नम्रता मनस्वीला काखेत घेऊन बांधावर गेली. गळ्यातल्या किल्लीने पेटी उघडली आणि मोटर बंद केली. कान्हू चाकाशी टेकून बसला होता, तळहात सोललेले. मुसा त्याच्याशेजारी, त्याने झोयाला मांडीवर घट्ट धरलं होतं. तेवढ्यात नम्रताचा फोन वाजला. साहेब होते.

“सगळं ठीक ना? बरं झालं. ऐक, इतिवृत्त आजच पाठवायचंय. एक्केचाळीसचा पुकारा झाला तेव्हा अर्जदार गैरहजर. नियमाप्रमाणे निकाली टाकतो. तुझी सही लागेल.”

नम्रताला भीती वाटली. खोटं कशाला सांगू, नोकरीची भीती वाटलीच. घरभाडं होतं, काखेत पोर होती. पण त्या पालथ्या उशीनंतर ही भीती बरीच धाकटी होती.

“सही करणार नाही, सर. अर्जदार माझ्या गाडीत होता. त्याची हरकत बरोबर आहे आणि चूक माझी आहे. तसं लिहा. नाहीतर मी लिहून देते.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

कान्हूने कमरेला खोचलेलं लाल फडकं काढलं. भिजून काळं पडलं होतं. मुसाने ते बांबूला बांधलं आणि वर चढवलं. वसाहतीतल्या गॅलऱ्यांमधली माणसं ते बघत होती, कशाला चढवलं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

“काका,” नम्रता म्हणाली, “रात्री पुन्हा भरती आहे. आणि उद्या, परवा. तुम्ही आजारी पडलात तर? नसलात तर?”

“तवा फडकं नसंल. तेवढं बघायला शिकवा लोकांना.” म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. “पन बाई, सोमवारी काय बघतील ते? सोमवारी तुमचा ठेकेदार येनार हाय ना काठी काढाया? बांधावरचं अतिक्रमन म्हनून. नोटीस घरी हाय माझ्या. सही तुमचीच हाय.”

नम्रताने वर बघितलं. मग मनस्वीला खाली ठेवलं आणि ओल्या बोटांनी ठेकेदाराचा नंबर शोधू लागली.